बनवणाऱ्याने आधी उघडायचं

४ फेब्रुवारी

मास्तर,

वर नमस्कार लिहू की नको यात दोन कागद फाडले. शेवटी नुसतं मास्तर लिहिलं. तेवढं तरी खरं आहे. शाळेत तुम्ही मास्तर होता आणि आपल्या नाटक मंडळीतही सगळे तुम्हाला मास्तरच म्हणायचे, जसे मला मिस्त्री म्हणतात.

एकोणतीस वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून दचकू नका. कोणी गेलेलं नाही. म्हणजे ही गेली, त्याला सहा वर्षं झाली, पण ते शिंपीणबाईंनी तुम्हाला कळवलं असेलच. त्या तुम्हाला सगळं कळवतात हे मला आता समजलंय. फोन करणार होतो. पण तुम्हाला ऐकू येत नाही म्हणतात, आणि मला जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही.

मंडळी आता माझी मुलगी चालवते. रोज सकाळी कामाला जाताना ती माझ्या कारखान्यात चहाला येते. सोमवारी आली, बसली नाही. कप हातात घेऊन म्हणाली, "बाबा, ते दार माळ्यावर आहे ना अजून?"

"कुठलं दार?"

"माळ्यावर दार किती आहेत?"

"त्याला वाळवी लागली."

"मी आत्ता वर जाऊन बघून आले. ठणठणीत आहे. तुमच्यापेक्षा."

मग म्हणाली की यंदा 'आतली कडी' पुन्हा करायचं आहे, आणि तुम्हाला परवानगीचं पत्र टाकलं आहे. मला विचारलं नाही. टाकून झाल्यावर सांगितलं.

तुम्ही नाही म्हणा. माझं एवढंच मागणं आहे. कारण काय लिहायचं ते तुमचं तुम्ही बघा, तुम्हाला शब्दांची कमी कधी नव्हती. माझं नाव मात्र घेऊ नका.

तुम्हाला माहीत आहे तेच पुन्हा लिहितो, नाहीतर वय झालं, विसरलो म्हणाल. माझा धाकटा भाऊ आमच्या वडिलांच्या हत्यारांची पेटी विकून पळून गेला होता. चौदा महिन्यांनी एका दुपारी तो दारात आला. ही कामावर, मुलगी शाळेत. मी आतून कडी लावून बसलो. तो बाहेरून बोलत राहिला आणि मी उत्तर दिलं नाही. तो गेला. दोन महिन्यांनी परगावी दवाखान्यात वारला. ही गोष्ट मी जगात एकाच माणसाला सांगितली. त्या माणसाने तिचं नाटक केलं.

मुलीला यातलं काही माहीत नाही. तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि काका म्हणजे तिचा जीव. मी तिला सांगितलं होतं की काका परस्पर निघून गेला, आपल्याकडे फिरकलासुद्धा नाही. वर्षभर ती विचारत होती, का नाही फिरकला? आपण काय केलं होतं? मी म्हणायचो, तो तसाच होता.

तुमच्या वेळी मी तिला त्या नाटकाला येऊ दिलं नव्हतं. पुढे तिने ते वाचलं असणार, पण वाचून कळत नाही, त्यात नावगाव काही नाही. खोली उभी राहिली की कळेल. ते घर रस्तारुंदीत पाडलं तेव्हा ती चौदा वर्षांची होती. त्या खोलीत ती चालायला शिकली. माझ्या हातचं ते दार आणि ती खिडकी तिच्यासमोर ठेवली की तिला दुसरं काही सांगावं लागणार नाही.

तुम्ही मला पहिल्या खेळाला तिसऱ्या रांगेत बसवलंत. "मिस्त्री, तुम्ही नेहमी पडद्यामागे असता, आज समोर बसा," म्हणालात. मला वाटलं मान दिलात. माझीच चामडी सोलून मलाच दाखवायला बसवलं होतंत. त्या माणसाचा हात कडीकडे गेला आणि मी उठून बाहेर पडलो. शरमेने.

एकदा केलंत तेवढं पुरे. नाही म्हणा.

१९ फेब्रुवारी

मास्तर,

पंधरा दिवस झाले. पेटीत टाकण्याआधी पत्ता दोनदा वाचला होता. मग वाटलं तिकीट नीट चिकटलं नसेल. टपालाच्या खिडकीवर जाऊन विचारलं. तिथली मुलगी म्हणाली, "आजोबा, पोचलं असेल." असेल म्हणजे काय? सुताराने म्हणावं का, खुर्चीला चौथा पाय असेल?

इकडे काम पुढे चाललंय. मुलीने फरशीवर खडूने खोली आखलीसुद्धा. नवी पोरं त्या खडूच्या रेघांतून फिरतात आणि एकमेकांना सांगतात, मास्तरांनी मंडळी काढली, मास्तरांनी असं केलं, मास्तरांनी तसं केलं. मी कोपऱ्यात पाचरी तासत ऐकतो. मंडळी कोणी काढली हो? तुम्ही माझ्याकडे शाळेचा फळा करून घ्यायला आला होता. कारखान्यात इकडे तिकडे बघितलंत आणि विचारलंत, "संध्याकाळी इथे काय असतं?" मी म्हटलं, "भुसा." तुम्ही म्हणालात, "मग आम्ही येतो."

सात जण आलात. पहिल्या दिवशी तिघं शिंकून शिंकून बेजार झाले. एकाचं वाक्य दर वेळी शिंकेवर यायचं, तेव्हा तुम्ही ती शिंक नाटकातच घालून टाकलीत. डब्यांना भोकं पाडून मी दिवे केले. शिंपीणबाई तेव्हा नुकत्या आल्या होत्या. राजाचा झगा त्यांनी तुमच्याच बैठकीच्या पडद्याचा शिवला, आणि तुमच्या घरी ते पहिल्या खेळाला कळलं. बघायला बावीस माणसं होती. त्यातली दोन कपाट न्यायला आली होती, ती थांबली.

दाराचं आठवतं का? त्या नाटकात डॉक्टर येतो. लाकूड ओलं होतं आणि मी घाईत रंग फासला होता. दार चिकटलं. डॉक्टरने ढकललं, ओढलं, खांदा लावला, भिंत हलली, दार हललं नाही. शेवटी तो खिडकीतून पाय टाकून आत आला आणि म्हणाला, "रुग्ण कुठे आहे?" लोक हसून हसून पडले. तुम्ही हसला नाहीत. दुसऱ्या दिवशी तुम्ही रीत घालून दिलीत, की नव्या नाटकाचं दार बनवणाऱ्याने आधी उघडायचं. सगळ्यांसमोर. मगच नटांनी हात लावायचा. तेव्हापासून प्रत्येक नाटकाला मी आधी दार उघडून आत गेलो आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शाळेत मी चौथीपुढे गेलो नाही. माझ्यासाठी टाळ्या तेवढ्याच वाजल्या.

त्या एका नाटकाला तुम्ही म्हणालात, "मिस्त्री, आज राहू द्या, उशीर झालाय." उशीर झाला नव्हता. अर्धा तास हातात होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तालमीही तुम्ही माझ्या कारखान्यात घेतल्या नाहीत. दोनच माणसांचं नाटक आहे, शिंपीणबाईंची बाहेरची खोली पुरते, म्हणालात. मला फक्त खोली सांगायला आलात. तुम्हाला चित्र काढता यायचं नाही, तुम्ही हातवारे करून सांगायचात. दाराशेजारी टेबल, वर फळी, उजवीकडे खिडकी. आणि मी मूर्ख. मी म्हणालो, "मास्तर, खिडकी उजवीकडे नको, डावीकडे हवी. म्हणजे टेबलाशी बसलेल्याला बाहेरचा माणूस दिसेल, पण बाहेरच्याला आतला दिसणार नाही." तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. "बरोबर," म्हणालात. फळीची उंची मी सांगितली. दार आत उघडणारं हवं, हेही मी सांगितलं. माझं घर मी माझ्या हाताने तुम्हाला बांधून दिलं आणि दिवे लागेपर्यंत मला ओळखू आलं नाही. नाटकातल्या खोल्या आम्हाला नेहमी मागून दिसतात. मागून सगळ्या खोल्या सारख्याच असतात, नुसत्या पट्ट्या आणि खिळे.

पहिल्या खेळानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी बिजागऱ्या सोडवून ते दार हातगाडीवर घालून नेलं, आणि कारखान्याला कुलूप घातलं. हो, घातलं. तुम्ही मंडळीला काय सांगितलंत माहीत नाही, पण एकही जण विचारायला आला नाही. तुम्ही प्लायवूडचं दार लावून एकशे बारा खेळ केलेत म्हणे. मग तुम्ही लांबच्या शाळेत नोकरी घेऊन गेलात. मंडळी कधी शाळेच्या जेवणघरात, कधी कुणाच्या गच्चीवर फिरत राहिली आणि शेवटी बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात शिरली. मुलगी एकोणिसाव्या वर्षी त्यांच्यात गेली. मी दोन महिने बोललो नाही. मग एक दिवस आली आणि म्हणाली, "बाबा, फरशीला सगळीकडे पाणी जायची भोकं आहेत, नट्यांच्या टाचा अडकतात, राणी काल बूट तिथेच सोडून गेली." गेलो आणि फळ्यांची जमीन घालून दिली. साठ खुर्च्या आहेत आता तिथे, सगळ्या माझ्या हातच्या. तेव्हा एकच अट घातली होती, की ते नाटक करायचं नाही. तिने का म्हणून विचारलं नाही. बावीस वर्षं अट पाळली.

आणि आता माझ्याआड तुम्हाला पत्र. तिनेही. तिने हे तुमच्याकडूनच उचललं असणार.

उत्तर द्या. नुसतं कार्ड टाकलंत तरी चालेल.

६ मार्च

मास्तर,

कार्ड मिळालं. मी नुसतं कार्ड चालेल म्हटलं म्हणून तुम्ही खरंच नुसतं कार्ड टाकलंत. तीन ओळी. "परवानगी डिसेंबरातच दिली आहे. ते नाटक तुमच्या बाजूचं आहे, तुम्ही शेवटपर्यंत थांबला असता तर कळलं असतं. मुलीशी बोला."

डिसेंबरात! म्हणजे ती माझ्यासमोर चहाचा कप घेऊन उभी होती तेव्हा तिच्याकडे तुमचा होकार दोन महिने पडून होता. ती म्हणाली, पत्र टाकलंय. उत्तर आलंय हे म्हणाली नाही. माझ्या घरात मला सोडून सगळ्यांना सगळं ठाऊक असतं.

कार्ड खिशात घालून आधी शिंपीणबाईंकडे गेलो. त्या मशीनवर होत्या. ऐंशीला आल्या तरी सुईत दोरा स्वतः ओवतात. मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं. तुमच्या खोलीत तालमी झाल्या."

त्या म्हणाल्या, "बसा आधी. घाम पुसा."

"माहीत होतं की नाही?"

"होतं."

"मला का सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दार केलं नसतंत. मग नाटक झालं नसतं. आणि नाटक चांगलं होतं, मिस्त्री."

बघा! चांगलं होतं म्हणून केसाने गळा कापायचा. मी म्हटलं, "मुलीच्या कानावर जाईल याची तरी भीती ठेवायचीत." त्यावर त्यांनी मशीन थांबवलं. चष्मा काढला. म्हणाल्या, "तुमच्या मुलीला मीच नेलं होतं. चौथ्या खेळाला. बारा वर्षांची होती, माझ्यामागे लागली होती. मला वाटलं लहान आहे, तिला काय कळतंय."

मी उठलो. त्या म्हणत होत्या, टोपी राहिली, टोपी राहिली. राहू दे म्हटलं.

मुलगी बर्फाच्या कारखान्यात एकटीच होती, खुर्च्या पुसत. मी तिला म्हटलं, "तू बारा वर्षांची असताना शिंपीणबाईंबरोबर गेली होतीस."

ती फडकं पिळत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुला कळलं होतं?"

"बाबा, त्या फळीवर आईचा डबा कुठे असायचा ते मी अंधारात सांगेन. मला पहिल्या मिनिटाला कळलं. मी बाईंच्या हाताला चावले, एवढी घाबरले."

एकोणतीस वर्षं, मास्तर. एकोणतीस वर्षं ती माझ्यासमोर जेवली, माझ्याशी भांडली, आईच्या आजारपणात माझ्या शेजारी बाकावर बसली, आणि तिला माहीत होतं. मी मात्र 'तो फिरकला नाही' हे वाक्य जपत बसलो.

मी म्हटलं, "मग एकदाही बोलली नाहीस?"

ती माझ्याजवळ येऊन बसली. माझा हात हातात घेतला, आणि तिचे हात ओले होते. म्हणाली, "सुरुवातीला खूप राग आला होता. पण शेवटी तुम्ही उठलात ना. उघडलंत ना दार. तो तोवर कोपऱ्यावरून वळून गेला होता, त्याला तुम्ही काय करणार? मी ते शेवटचं दृश्य बघितलं आणि ठरवलं की बाबांना विचारायचं नाही. म्हणून तर पुन्हा करतेय. तुम्ही अर्ध्यातून उठून गेलात असं बाई म्हणतात. मला वाटलं, एकदा तरी तुम्ही शेवट बघावा. समोर बसून."

मी काय बोललो सांगू? मी "हो" म्हणालो.

तुमच्या कार्डाचं उत्तर म्हणून हे पुष्कळ झालं. माझं डोकं ठिकाणावर नाही. आज गॅस बंद केला का बघायला तीनदा उठलो.

३० मार्च

मास्तर,

हे पत्र तीन दिवस लिहितोय. आधी हत्यारं साफ केली, मग खिडकीला नवी खिटी बसवली. आता करायला काही उरलं नाही.

रविवारी सकाळी खोली उभी राहिली. अकरा वाजले होते, बर्फाच्या कारखान्याच्या झरोक्यांतून ऊन येत होतं. माळ्यावरचं दार मी स्वतः बसवलं. काय सांगू, लाकूड जराही वाकलं नव्हतं. आठ-नऊ पोरं खुर्च्यांवर बसली होती. मुलगी उभी राहून म्हणाली, "आपल्याकडे रीत आहे. बनवणाऱ्याने आधी उघडायचं. या दारापाशी ती राहून गेली होती. बाबा, आतून."

मला भेट दिल्यासारखं तोंड होतं तिचं.

मी आत गेलो, दार लावलं, कडी घातली. पलीकडे भावाचं काम करणारा पोरगा उभा होता, चांगला उंच, बोलका पोरगा आहे. मी कडीवर हात ठेवला. तिकडून त्याने टकटक केलं आणि म्हणाला, "मिस्त्री, उघडा की. चहा गार होतोय."

माझा हात हलेना.

तो म्हणाला, "चिकटलं वाटतं. खिडकीतून येऊ का? रुग्ण कुठे आहे?" सगळे हसले. ती डॉक्टरची गोष्ट मंडळीतल्या प्रत्येकाला पाठ आहे. मीही हसल्यासारखं केलं असेन. मग हसणं थांबलं. नाटकातल्या खोलीला चौथी भिंत नसते हे मी छत्तीस वर्षं जाणतो, पण त्या वेळी विसरलो होतो. डोकं वळवलं तर समोर मुलगी उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. त्या दुपारी मला आत बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. देवानेही नाही, असं मी समजत होतो.

मी म्हटलं, "मी उघडलं नव्हतं."

"काय, बाबा?"

"त्या दिवशी. उघडलंच नव्हतं. मास्तरांना सांगितलं ते खोटं."

आता कळलं का, मास्तर? तुम्हाला मी सांगितलं होतं की मी बराच वेळ बसलो, मग राहवलं नाही, उठून उघडलं, पण तो गेला होता. ते मी तुमचं तोंड बघून सांगितलं. निम्मं सांगून झालं होतं आणि तुम्ही माझ्याकडे असे बघत होता की पुढचं तोंडातून निघेना. म्हणून उघडलं म्हणालो. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात. तुमच्या हाताला सरस लागला होता, माझ्या सदऱ्याला डाग पडला.

आणि तिसऱ्या रांगेतून मी उठलो तो शरमेने नाही. तुमचा नट कडी काढणार होता. ते मला बघवलं नसतं. एकशे बारा खेळांत एकशे बारा वेळा तो उठला आणि उघडलं, आणि लोक माझ्यासाठी रडले. मी एकदाही उठलो नव्हतो.

मुलीने पोरांना चहाला बाहेर पाठवलं. ती खाली खुर्चीवर, मी त्या खोलीत. ती म्हणाली, "सगळं सांगा. मास्तरांची वाक्यं नकोत. काका काय म्हणाला ते सांगा."

मी सांगितलं. तो म्हणाला, दादा, बाहेर सायकल आहे, म्हणजे तू आत आहेस. म्हणाला, वडिलांचा रंधा सोडवून आणलाय, बाकीचं हळूहळू आणतो. मला वाटलं थापा मारतोय. म्हणाला, बरं, नको उघडू, पाणी तरी दे खिडकीतून. पाण्याचा तांब्या माझ्यासमोर टेबलावर होता. मग बराच वेळ नुसता बसला पायरीवर. गुणगुणत होता. मग गेला. दवाखान्यातून पिशवी आली तेव्हा तिच्यात रंधा होता.

"किती वेळ बसला होता तुम्ही?"

"तो दीडला आला. तासाभराने गेला."

"मग? तो गेल्यावर?"

"बसूनच होतो."

"कधीपर्यंत?"

ती खुर्चीवरून उठली. म्हणाली, "मी साडेचारला शाळेतून यायचे." आणि मग हळूहळू, एकेक शब्द शोधत, "त्या दिवशी मी दार वाजवलं होतं. हाका मारल्या होत्या. तुम्ही उघडलं नाहीत. मी शेजारच्या कुंपणावरून मागच्या बाजूला उतरले. माझा गुडघा फुटला होता. तुम्ही म्हणालात, झोप लागली होती."

"मला वाटलं तो कोपऱ्यावरच असेल. तुला उघडलं की येईल."

"मी 'बाबा' म्हणत होते."

"ऐकू येत होतं."

माझ्या हातून एवढंच खरं बोलणं झालं आयुष्यात, आणि ते असं. तिने वही घेतली आणि ती बाहेर गेली. पोरांचे आवाज एकदम बंद झाले.

तुम्हाला तिचं पत्र येईल, किंवा आलं असेल. तिने शेवटचं दृश्य काढून टाकलं आहे. आता त्यात तो माणूस उठत नाही. भाऊ जातो, दुपार सरते, मग दारावर पुन्हा थाप पडते आणि एक लहान मुलगी हाका मारते. तरी तो उठत नाही. तिथे दिवे जातात. त्या हाका ती स्वतः मारते, पडद्यामागून. तुमची हरकत असेल तर तिला कळवा. मला यात धरू नका, नाही म्हणा किंवा हो म्हणा.

पण एक सांगून ठेवतो. माझी गोष्ट खोटी निघाली म्हणून तुम्ही सुटला असं समजू नका. ती खोटी होती हे तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही ती खरी समजूनच चव्हाट्यावर मांडलीत. मी तुमच्यावर विश्वास टाकला होता, तो खोटा नव्हता. त्याचा राग आहे तो आहे, तो मी जाईपर्यंत राहील.

माझं काम चालू आहे. तिने मला येऊ नका म्हटलेलं नाही. सकाळी चहाला येत नाही. मी दोन कप काढतो, एक परत ठेवतो. तालमीला मी नेहमीच्या कोपऱ्यात असतो. ती तुमच्यासारखीच खुर्चीच्या कडेवर बसते.

काल तालीम मध्येच थांबवून तिने हाक मारली, "मिस्त्री, बिजागरी वाजते." बावीस वर्षं त्या जागेत तिने मला सगळ्यांसमोर बाबाच म्हटलं होतं. पोरांनी एकमेकांकडे बघितलं. तो उंच पोरगा बुटाची नाडी बांधायला वाकला.

मी तेलाची बाटली घेऊन गेलो. तेल घातलं, फडक्याने पुसलं, दार दोनदा उघडून लावून दाखवलं. "आता?" म्हटलं.

तिने वहीतून मान वर केली नाही. "ठीक आहे," म्हणाली.

मग मी खालच्या बिजागरीलाही तेल घातलं. ती वाजत नव्हती.